जुनी गोल्फ जीटीआय घ्यावी की प्यूजो २०५ जीटीआय?

युरोपात राहताय, जुनी हॉट हॅचबॅक (म्हणजे साध्या छोट्या हॅचबॅकचीच दमदार इंजिनाची, वेगवान आवृत्ती) घ्यायचीय आणि या दोघींत अडकलायत? आधीच सांगतो, माझं मत २०५ च्या १.६ लिटर इंजिनवालीला. पण सगळ्यांना ती झेपेलच असं नाही, म्हणून पुढचं वाचा.

फोक्सवॅगनची गोल्फ "पहिली हॉट हॅचबॅक" म्हणून जास्त पैसे मोजू नका. ऑटोबियांकीची ए११२ अबार्थ १९७१ सालची, सिम्का ११०० टीआय १९७४ ची, आणि रेनो ५ अल्पीन तर गोल्फच्याच वर्षी आली. पण हा प्रकार घराघरात नेला तो गोल्फनेच. १९७५ ला फ्रँकफर्टला दाखवली, १९७६ ला विक्रीला आली, ५००० गाड्या काढायचा विचार होता आणि पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या! १.६ लिटर इंजिन, बॉशचं फ्युएल इंजेक्शन (इंजिनासाठी पेट्रोल फवारणारी यंत्रणा), ११० हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम ८०० किलोच्या वर, त्यामुळे पिकअप आजही मस्त वाटतो. आत बसलात की चौकड्यांच्या सीट आणि हाताला गोल्फच्या चेंडूसारखा गिअर नॉब, मुठीत इतका छान बसतो की सिग्नलला उभं असतानाही हात तिथून हलत नाही.

२०५ जीटीआय १९८४ ची, म्हणजे आठ वर्षांनी लहान. सुरुवातीला १.६ ला १०५ हॉर्सपॉवर, १९८६ मध्ये ११५ झाले, मग १.९ आली १३० ची, मागेही डिस्क ब्रेक घेऊन. स्टिअरिंग इतकं बोलकं की रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो. पण वळणात वेगात असताना घाबरून ऍक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट बाहेर फिरतं. १.९ मध्ये हे जास्त अंगावर येतं, म्हणून नवख्याला १.६ च बरी. गोल्फ अशा वेळी बरीच सांभाळून घेते, त्यामुळे घरातले दोघं-तिघं चालवणार असाल तर सरळ गोल्फ घ्या. फक्त इंग्लंडमधली उजव्या स्टिअरिंगची असेल तर ब्रेक आधी तपासा, पेडल उजवीकडे आणि सर्वो (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग) डावीकडेच, मधे लांबलचक दांडा, त्यामुळे ब्रेक मऊ लागतात.

बघायला जाताना गोल्फचा गंज बघा, विशेषतः पेट्रोल भरायच्या नळीचा, कारण तो आत पडला की इंजेक्शनचा खर्च मागे लागतो. २०५ ला मागून वाकून बघा. मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली तर मागच्या ऍक्सलच्या बेअरिंगा गेल्यात. तो खर्च किमतीतून कापून घ्या, नाहीतर दुसरी गाडी बघा.