गच्चीवरची खोली की अभ्यासिका?

कादंबरी लिहायला घेतलेल्या एका मैत्रिणीला गच्चीवरची खोली आवरून घ्यावी की अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर जागा धरावी, हे ठरवता येत नाही. नागपुरात हा प्रश्न आधी उन्हाचा आहे: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला तर कागद उडतात, शिवाय दमट होतात. अभ्यासिकेत गारवा मिळतो. मात्र स्पर्धा परीक्षांची मुले शेजारी मान खाली घालून बसलेली असताना पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणून पाहता येत नाहीत. खर्चाचे म्हणाल तर भाडे दरमहा, कूलर एकदाच, वीज-पाणी वेगळे. घरच्यांच्या हाका चुकवायच्या असतील त्यांना अभ्यासिका बरी. पसारा मांडून, बोलत बोलत लिहिणाऱ्यांनी खोलीच घ्यावी आणि उन्हाळ्यात पहाटे लिहावे.