मोसंबीच्या झाडाचा ‘डॉक्टर’ आणि माझे 11,850 रुपये

झाडाला इंजेक्शन देणारे, घरी येऊन ‘माती तपासणारे’ लोक कसे असतात ते तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं. तरी फसले. लाज वाटते, पण लिहिते.

परसातली मोसंबी अकरा वर्षांची. आधी शेंड्याकडची पानं पिवळी पडली, तीही शिरेपासून. मग फांद्या वरून वाळत आल्या. अशा वेळी जो ‘मी वाचवतो’ म्हणेल त्याला माणूस घरात घेतोच. तुम्हीही घेतलं असतं.

तपासणीचे 700 रुपये. त्याने दोन टोकांचं मीटर मातीत खुपसलं, ‘काकू, मुळांना विषाणू आहे’ म्हणाला आणि बादलीभर तपकिरी पाणी ओतलं. 3,450. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा 3,450. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती: हा माणूस एकदाही वाकून खोडाचा तळ बघत नव्हता.

दुसऱ्या वेळी मीच त्याला बुंध्याशी नेलं. सालीला भेग पडली होती आणि तिच्यातून मधासारखा डिंक ओघळत होता. त्याने तो अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, ‘विष बाहेर पडतंय, औषध लागू पडलं.’ तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रोग बोटाला चिकटला होता आणि मी मान डोलावली! पुढच्या आठवड्यात झाड अवेळी फुलांनी भरलं. आम्हाला कोण आनंद! त्या आनंदातच इंजेक्शनचे 4,250 दिले. त्याने खोडाला तीन भोकं पाडली. मरायला टेकलेलं झाड असा शेवटचा बहर धरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मात्र नक्की माहीत होतं.

फुलं गळली, फोन बंद झाला. मग रोपवाटिकेतल्या एका जुन्या माळ्याला बोलावलं. त्याने पैसे घेतले नाहीत. बुंध्याची माती हाताने उकरली, चाकूने साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं तिथे तपकिरी, कुजका वास. डिंक्या, म्हणजे बुंध्याची साल कुजवणारा बुरशीचा रोग. मोसंबी जंभेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) मुळावरच्या खुंटावर मोसंबीचा डोळा, म्हणजे कळी, बसवून केलेली असते. तो डोळ्याचा सांधा मातीच्या वरच राहायला हवा. गेल्या वर्षी फरशी बसवताना आम्ही बुंध्याशी पाच इंच भर घातली, सांधा गाडला गेला आणि पाणी खोडाला लागून साचत राहिलं. विषाणू वगैरे काही नाही. त्यात त्या माणसाच्या बादल्या!

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘झाडासाठी तक्रार?’ दुसरा, ‘पावती?’ पावती म्हणजे कोऱ्या कागदावरचा आकडा, बाकी रोख. कृषी कार्यालयात सांगितलं, परसातलं झाड आमच्याकडे येत नाही, जमिनीचा उतारा आणा. औषध तरी तपासा म्हटलं, तर सीलबंद बाटली हवी. अहो, उघडलेलं औषधच झाडाला घातलंय ना! तिथून पुन्हा पोलिसांकडे, तिथून ग्राहक तक्रारीकडे, तिथे पुन्हा बिल. चार फेऱ्या, तीन अर्ज, आणि एकाही माणसाने झाड येऊन पाहिलं नाही. फसवणारा निदान घरी तरी आला होता.

बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत नसेल तर झाकणही उघडू देऊ नका. खोडाला भोक पाडू देऊ नका. माती न उकरता जो रोगाचं नाव सांगतो, त्याला फाटकातूनच परत पाठवा. पानं पिवळी दिसली की आधी स्वतः बुंधा बघा, नखाने साल खरवडा. आळं खोडाला लागून करू नका. दुहेरी करा, आतलं कडं खोडाभोवती कोरडं ठेवा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहतं.

कुजकी साल खरवडून आता बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी मारणारा लेप, लावली आहे: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, धातूचं भांडं नको. कूज खोडाच्या निम्म्याहून जास्त घेरात पसरली आहे, त्यामुळे झाड वाचेलच असं माळी कबूल करत नाही. पूर्वेकडच्या दोन फांद्या अजून हिरव्या आहेत. त्या माणसाच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली जपून ठेवली आहे, सोमवारी चौथा अर्ज घेऊन जाणार आहे.