पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक : गट चालवणाऱ्या बायांनी घ्यावंच

दौंड तालुक्यातल्या आमच्या बचत गटाचे हिशेब मी लिहिते. रमाबाईंनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन लहानपणापासून माहीत, पण रमाबाईंचं 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' आत्ता विकत घेऊन वाचलं. १८८९ सालचं पुस्तक, नवी आवृत्ती.

रमाबाईंचं नाव निघालं की लोक १८८३मध्ये बाप्तिस्मा घेऊन त्या ख्रिस्ती झाल्या, यावरच अडतात. आमच्या चर्चमध्ये त्याचा अभिमान, बाहेर अजूनही नाराजी. पण याच बाईंनी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून ठणकावलं होतं, की माझा विवेक मी कुणा धर्मगुरूच्या ताब्यात देणार नाही. अशा बाईची नजर काय टिपते, ते इथे दिसतं.

१८८६मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. बायकांच्या स्थितीवरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती बायकांची संघटना उभी कशी राहिली, फ्रान्सिस विलर्ड ती कशी चालवत होत्या, हे त्यांनी किती बारकाईने पाहिलंय! दारूपायी मोडलेली घरं आमच्या गटातही आहेत, म्हणून तो भाग मी बैठकीत मोठ्याने वाचला. बाया मधेच थांबवून विचारत होत्या, "मग पुरुषांनी करू दिलं का?" भारावून जाऊन रमाबाईंनी सगळ्याचीच वाहवा केलेली नाही, हेही आवडलं. गुलामगिरी गेली तरी काळ्या लोकांबद्दलचा आकस गेला नाही, हे त्या स्पष्ट लिहितात.

पुढचं केडगाव मला या पानांतच दिसलं. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, १९००पर्यंत दीडेक हजार माणसं, शेती, विणकाम, आणि छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्या बायाच. तिथेच त्यांनी केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर छापलं गेलं. १९२२मध्ये मरेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. कारभार बायकांच्याच हाती हवा, हे त्यांनी करून दाखवलं.

आवृत्तीबद्दल मात्र तक्रार आहे. अक्षर फार बारीक, शेवटी सूची नाही, आणि जुन्या शब्दांना तळटीप द्यायला हवी होती. माझ्या प्रतीची शिवण महिन्यातच सुटली. तरी पैसे वाया गेले असं अजिबात वाटत नाही. राज्यव्यवस्थेची प्रकरणं जड वाटली तर सरळ बायकांच्या प्रकरणापासून सुरुवात करा.