रब्बीत काय पेरावं: गहू की ज्वारी?

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानात ही तुलना बांधावर उभं राहूनच कळते. हंगाम एकच, रब्बीचा. बागायती गव्हाला दर अठरा-वीस दिवसांनी पाणी, म्हणजे साधारण ६ पाळ्या. प्रत्येक पाळीला पंप, वीज आणि बोअरचं आणखी खाली जाणारं पाणी. शेजारच्या मालदांडी ज्वारीला मात्र पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल पुरते. जमिनीला भेगा पडायला लागल्या की कोळपं फिरवायचं, भेगा बुजतात, ओल टिकते. जमलंच तर एखादं संरक्षित पाणी, म्हणजे पीक तगवण्यापुरतं.

खतही गव्हाला जास्त लागतं. युरिया बनवताना नैसर्गिक वायू खर्च होतो आणि शेतात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक उष्णता धरणारा. ज्वारी दाण्याबरोबर कडबा देते. दुष्काळी गावात कडब्याची गंजी म्हणजे दावणीचा आधार.

गव्हाची बाजूही खरी आहे. एकरी उतारा जास्त, कापणीला यंत्र येतं. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत, हुरड्यात आली की पाखरं राखावी लागतात. शिवाय पोळी डब्यात मऊ राहते. भाकरीला उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात.

तरीही कोरडवाहू पट्ट्यात मी ज्वारीच्याच बाजूचा. पण शेतकऱ्याला भाव मिळाला, तरच तो पेरेल.