ऑल्बनीची ‘यूएसएस स्लेटर’: पाहावी, पण सावकाश

न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी शहरात, हडसन नदीच्या काठाला, ‘यूएसएस स्लेटर’ ही दुसऱ्या महायुद्धातील नौका संग्रहालय म्हणून बांधून ठेवली आहे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजे बुडवीत होत्या, तेव्हा या जहाजांच्या राखणीसाठी अमेरिकेने ‘डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट’ जातीच्या ५६३ नौका झपाट्याने बांधल्या. त्यांपैकी अमेरिकेत अजून पाण्यावर असलेली ही एकच.

नौका मार्गदर्शकाबरोबर पाहायची असते, आणि ते योग्यच आहे. पूर्वी मी दुसरीकडे एक युद्धनौका पाहिली होती. तिथे प्रत्येक खोली काचेआड होती आणि वाचायला फलक तेवढे होते. इथे ‘हेजहॉग’ या पाणबुडीविरोधी तोफेसमोर उभे राहिल्यावर स्वयंसेवक आजोबांनी सगळे उलगडून सांगितले. डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, नौकेच्या मागे टाकले जात, त्यामुळे ऐन माऱ्याच्या वेळी सोनारवरून (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावरून) पाणबुडी निसटे. हेजहॉग मात्र २४ गोळे पुढे फेकी, आणि ते पाणबुडीवर आदळले तरच फुटत, म्हणून नेम चुकला तरी सोनारचे ऐकणे बिघडत नसे.

टर्बाइनचे गिअर पुरेसे मिळत नव्हते, म्हणून स्लेटर ज्या ‘कॅनन’ वर्गातली, त्या वर्गाच्या नौकांना डिझेलवर वीज निर्माण करून चालणारी यंत्रणा बसवली गेली, आणि २१ नॉट (ताशी सुमारे ३९ किलोमीटर) हा वेग पुरेसा मानला गेला. टँपा येथे बांधलेली स्लेटर १ मे १९४४ रोजी नौदलात दाखल झाली. १९५१ मध्ये ती ग्रीसला दिली गेली, तिथे ‘एटोस’ नावाने चाळीस वर्षे राबली आणि १९९३ मध्ये परतली. परतल्यावर गंज खरवडण्यापासून निळ्या-राखाडी पट्ट्यांच्या युद्धकालीन रंगापर्यंतचे बरेचसे काम स्वयंसेवकांनी केले आहे. खलाशांच्या एकावर एक तीन बिछान्यांमधली जागा पाहून मला आमच्या पॅसेंजर गाडीचा मधला बर्थ आठवला. फरक एवढाच, की इथे माणसाने महिनोन् महिने काढायचे होते.

शिड्या जवळजवळ उभ्या आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांना न्यायचे असेल, तर गुडघ्यांचा विचार आधी करावा, आणि साडी नेसून खाली उतरण्याचा बेत करू नये. हिवाळ्यात नौका दर्शकांसाठी बंद असते आणि नदीपलीकडे रेन्सेलरला नेऊन ठेवतात. तेव्हा एप्रिल ते नोव्हेंबर या काळातच जावे, आणि त्यातही सकाळच्या पहिल्या फेरीला.