चारी बुजली, पाइप आला: टेलवरून दोन हंगामांचा अनुभव

निफाड तालुक्यात आमची तीन एकर जमीन, चारीच्या (म्हणजे कालव्यातून शेतांकडं पाणी नेणाऱ्या पाटाच्या) अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाणी वापर संस्थेचे, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे, सचिव माझे चुलत दीर लागतात, आणि भावकीत अजून बरीच लग्नं व्हायची आहेत. दोन वर्षांपूर्वी आमची उघडी चारी बुजवून बंदिस्त पाइपलाइन टाकली आणि मीटरवर पाणी मिळायला लागलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "ताई, कसं चाललंय? आमच्याकडं पण सर्व्हे झालाय, हो म्हणू का?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी चारी कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कागदावर आमची पाळी सात तासांची. रात्री अकराला सुरू व्हायची, पण पाणी बांधावर यायला दीड वाजायचा, कारण कोरडी पडलेली चारी आधी स्वतःचं पोट भरायची. खेकड्यांची बिळं, वाढलेलं गवत, बैलगाडीनं मोडलेला काठ. वरचे लोक डोंगळे टाकून बसलेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, डोंगळा म्हणजे काठावरून टाकलेला वाकडा पाइप. एकदा तोंडानं ओढून पाणी चालू केलं की पुढं आपोआप चालतं, ना मोटर ना वीज. कडाक्याच्या थंडीत निफाडचा पारा किती खाली गेला ते सगळे पेपर छापतात, द्राक्षाच्या पानांवर गोठलेल्या दवाचे फोटोही येतात. त्याच रात्री कुणीतरी बाई घोट्याएवढ्या पाण्यात दारं धरून, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवत, उभी असते, तिचा फोटो कुणी काढत नाही. शेजारी ऊस आणि उसात बिबट्या. मी दर पाच मिनिटांनी डबा वाजवायचे. पहाटे सहाला पुढच्याची पाळी सुरू, तोवर माझा अर्धा गहू कोरडाच.

आता पाइपचं. पहिल्या आवर्तनाला, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सुटलं तेव्हा, आमच्या चौथ्या बॉक्सचा (पाइपमधून शेतात पाणी काढायच्या जागेचा) व्हॉल्व उघडला तेव्हा आधी पाच मिनिटं नुसती हवा आली, साप फुसफुसावा तशी. मी घाबरून मागं सरले. मग पाणी आलं, आणि खरं सांगते, एवढं स्वच्छ आणि एवढ्या जोरात पाणी टेलवर मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. सासरे हयात असते तर नारळ फोडला असता.

पण मला जोरापेक्षा जास्त भावला तो मीटर. संस्थेनं हंगामाआधी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. चहा गार होता, पण एक हिशेब कायमचा डोक्यात बसला. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. तासाला होतात साधारण १०२ घनमीटर, म्हणजे लाखभर लिटर. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला लागतं तेही जवळजवळ तेवढंच. म्हणून लक्षात ठेवायला सोपं: एक क्यूसेक, एक तास, एक एकर, एक इंच. गव्हाला एका पाळीत साधारण सहा सेंटीमीटर धरलं तर एकराला २४३ घनमीटर, म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटांच्या आसपास. माझा दीड एकर गहू साडेतीन तासांत आटोपतो. एक एकर उन्हाळ कांदा आणि अर्धा एकर जनावरांचा घास धरून सात तासांत सगळं भिजून होतं. कागदावरचे सात तास आणि शेतातले सात तास पहिल्यांदाच सारखे झाले.

आणि पाळी दिवसाची मिळाली. याचं श्रेय पाइपला देऊ नका, ते वेळापत्रकाला आहे. संस्था टेलकडून वर पाणी देते, म्हणजे आधी आमचं भिजणार, मग मधल्यांचं, शेवटी गेटाजवळच्यांचं. पाळीची चिठ्ठी दोन दिवस आधी दूध डेअरीवर लागते आणि मोबाइलवरही येते. मी म्हणेन, पाइप नसता आणि नुसतं हे झालं असतं तरी निम्मं काम झालं असतं. उलट पाइप आला आणि पाणी वरूनच वाटलं, तर टेलवाल्याच्या नशिबी तीच हवा. वरच्या सगळ्यांनी एकदम व्हॉल्व उघडले की खालचा दाब मरतो. दुसऱ्या वर्षी एका आवर्तनात तसं झालंही. आमच्या बॉक्समधून लहान पोराच्या शू इतकी धार, आणि मीटर तर हलायलाच तयार नाही.

चोरी संपली का, हा दुसरा प्रश्न सगळे विचारतात. नाही संपली, तिनं फक्त हत्यार बदललं. पूर्वी फावडं लागायचं, आता व्हॉल्व उघडायची टी-चावी लागते. संस्थेची चावी एकच, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडं. पण ती बघून कुठलाही फॅब्रिकेशनवाला तासाभरात तशीच वाकवून देतो. गावात किती झाल्या असतील देव जाणे. खोटं कशाला बोलू, आमच्याही पडवीत एक होती. मालकांनी आणलेली, "असू दे अडीनडीला" म्हणून. या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकली.

फरक एवढाच की चोरी आता आकड्यात दिसते. गेल्या जानेवारीत एका दिवशी वरच्या मुख्य मीटरनं २४४० घनमीटर दाखवले आणि खालच्या सगळ्या बॉक्सची बेरीज आली १९८०. मधले ४६० घनमीटर कुठं गेले? जवळजवळ दोन एकर गव्हाचं पाणी आहे ते. गळती असेल म्हणून आधी पाइप तपासला, जॉइंट तपासले, सगळं कोरडं. मग ओढ्याजवळच्या एका बॉक्सचा मीटर उलटा बसवलेला सापडला. पाणी जात होतं, काटा पुढं सरकत नव्हता. सभेत केवढा आरडाओरडा! पण चारीच्या काळात तोच माणूस छातीठोकपणे "माझ्या बांधावर तर पाणी आलंच नाही" म्हणाला असता आणि आम्ही गप्प बसलो असतो.

माझी मोठी नणंद बागलाणात दिली आहे, मोसम खोऱ्यात. तिकडची फडाची पद्धत ती सांगते. बंधाऱ्याचं पाणी फडाफडानं, म्हणजे शिवाराच्या एकेका मोठ्या तुकड्यानं, फिरवायचं, पाटकरी आणि जागल्या गावानंच नेमायचे आणि त्यांची बैती, म्हणजे कामाचा मोबदला, शेतकऱ्यांनीच द्यायची. पाणी कमी पडलं तर सगळ्यांचंच कमी. तिला मी मीटरचं कौतुक सांगितलं तर म्हणाली, "आमचा पाटकरी बघूनच सांगतो कुणी किती घेतलं." असेल बाई. पण तिकडं पाटकऱ्याला नात्यातला माणूस अडवायला भीती वाटत नसेल. आमच्याकडं वाटते, म्हणून मला मीटर बरा.

आता तक्रारी. पहिली कचऱ्याची. कालवा उघडाच आहे, आणि त्यात काय नसतं? निर्माल्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर अख्खी चप्पल. सगळं पाइपच्या तोंडाच्या जाळीवर येऊन चिकटतं. जाळी रोज साफ करायची म्हणून सांगितलं होतं. साफ होते तिसऱ्या दिवशी, फोन केला की. मीटरच्या पंख्यात शेवाळ आणि गोगलगाई अडकतात, मग आकडा थांबतो आणि बिल मागच्या पाळीवरून अंदाजानं येतं. माझं एकदा तसं आलं. पाणी कमी घेऊन पैसे जास्त. सचिव भाऊजींना म्हटलं, ते हसून म्हणाले, "वहिनी, पुढच्या पाळीत वळतं करू." वळतं व्हायला दोन पाळ्या गेल्या. पावती सांभाळून ठेवली होती म्हणून झालं.

दुसरी तक्रार कंत्राटदाराच्या कामाची. पाइप किती खोल पुरलाय ते विचारा आणि खड्डा बुजवायच्या आत स्वतः टेप लावून बघा. आमच्या बांधाला तो इतका वर आहे की ट्रॅक्टरच्या पलटी नांगरानं पहिल्याच उन्हाळ्यात त्याला ओरखडा गेला. हवा सोडायचा व्हॉल्व उंचवट्यावर हवा, तो आमच्याकडं सखल जागी बसवलाय. साहेब बघून गेले, फोटो काढून गेले. खालच्या टोकाला गाळ धुऊन काढायचा व्हॉल्व आहे, तो बरा आहे, पण उघडला की पाणी सरळ माझ्या घासात येतं.

तिसरी तक्रार मोठी आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. विहीर. आमची विहीर चारीपासून शंभर पावलांवर. उघड्या चारीतून जे पाणी मुरायचं त्याला सगळे नुकसान म्हणायचे, आणि आम्ही टेलवालेही म्हणायचो. पण ते नुकसान आमच्या विहिरीत येऊन बसत होतं. पूर्वी एप्रिलमध्ये पाणी चार परसांवर (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं माप) असायचं. या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटालाच मोटर धापा टाकायला लागली. उन्हाळ कांद्याला आवर्तनांच्या मधे लागणारी एक-दोन पाणी मी विहिरीतून द्यायचे, आता त्यासाठी पुढच्या आवर्तनाची वाट बघावी लागते. कांदा काही तारखा बघून पोसत नाही. गव्हाचंही तेच. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पाणी चुकलं तर पुढं कितीही भरा, फुटवे येत नाहीत. ज्यांच्याकडं प्लास्टिक कागदाचं शेततळं आहे त्यांनी पाळीचं पाणी त्यात भरून ठेवलं आणि ठिबकवर टाकलं. ते सुखात आहेत. आमच्याकडं तळ्याला जागाही नाही आणि पैसेही. होती ती बाग २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीनंतर तोडली, कर्ज अजून चालूच आहे.

इथं माहेर आठवतं. माझं माहेर ओझरचं. वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला ओझर, आणि धरण होऊनही पाणी तिथवर पोचत नव्हतं. मग समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकरी जमवले आणि नव्वदीच्या सुरुवातीला बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढं सगळा वाघाड प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांकडं आला. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देणारा कायदा राज्यात २००५ साली झाला, ओझरच्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. पण मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते वेगळंच: त्यांनी कालव्याचं पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीवाल्यांकडूनही पाणीपट्टी घेतली. माझे वडील कुरकुरायचे, "स्वतःच्या विहिरीचे पैसे?" आणि भरायचेही.

आमच्या पाइपवाल्यांनी हे बघितलंच नाही. चारी होती तेव्हा पावसाळ्यात धरण ओव्हरफ्लो झालं की जादाचं पाणी चारीतून ओढ्यात उतरायचं. आता पाइप ओढ्याच्या खालून जातो आणि ओढ्याला एकही तोंड ठेवलेलं नाही. एक व्हॉल्व, एक बॉक्स, बस. कितीसा खर्च?

आणखी एक गोष्ट, तिच्यात संस्थेचा दोष नाही. पाइप आहे शेवटच्या अडीच किलोमीटरचा. त्याच्या वरचा कालवा तसाच आहे, ठिकठिकाणी अस्तर उखडलेला, काठावर बाभळी. वर जेवढं पाणी सोडतात त्यातलं किती आमच्या जाळीपर्यंत येतं ते कुणी मोजत नाही. आणि १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातलं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांच्या खाली असलं की वरच्या धरणांतून पाणी खाली जातं, २०२३ च्या नोव्हेंबरात गेलं तसं. मग आवर्तन कमी होणार की काय या धास्तीनं कांद्याचं रोप टाकायचं की नाही यावर घरोघरी चर्चा. तिकडच्या लोकांनाही पाणी लागतंच, त्यावर माझं भांडण नाही. पण आम्हाला दिवाळीआधी सांगा, एवढंच.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर: हो म्हणा, पण आधी संस्था नीट करा. टेलकडून पाणी देण्याचा ठराव लेखी घ्या. संचालक मंडळात शीर, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांतले लोक हवेत, तिथं टेलची माणसं खरोखर टेलचीच आहेत का ते बघा. आमच्याकडं टेलचा म्हणून निवडून आलेला गडी वरच्या भागातही सहा एकर राखून आहे. मुख्य मीटर आणि बॉक्सच्या मीटरचे आकडे आवर्तनाच्या आवर्तनाला डेअरीवर लागलेच पाहिजेत. आणि पाइप टाकायच्या आधी गावातल्या विहिरींची पातळी एका वहीत लिहून ठेवा. आम्ही लिहिली नाही, म्हणून आज मी "चार परस" म्हणते आणि सचिव म्हणतात, "वहिनी, तुमचा अंदाज असेल."

मी स्वतः पाचात साडेतीन देईन. अर्धा जाळीसाठी कापला, एक विहिरीसाठी.

ओढ्यावर व्हॉल्व बसवावा म्हणून टेलच्या अकरा खातेदारांच्या सह्यांचा अर्ज मी मागच्या महिन्यात दिला. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट. भाऊजी म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ. सभा कधी, तर आवर्तन संपल्यावर. आवर्तन कधी संपतंय ते मीटरवर दिसेलच.