आश्रमाला दिलेलं कपाट

मे २०२४. सकाळी साडेदहाला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून आरोग्य निरीक्षकांचा फोन. "मॅडम, भिडे पुलाजवळ नदीपात्रात एक सोफा आणि टेबल टाकलेलं आहे. टेबलाच्या खणात कुरिअरचं पाकीट सापडलं, त्यावर तुमचं नाव आणि हा नंबर आहे." मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय! तो सोफा तर आश्रमात आहे."

आमची सदाशिव पेठेतली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याचं घर लहान, त्यामुळे पाच नग मार्गी लावायचे होते: सासूबाईंचं सागवानी कपाट, दिवाण, सोफा, प्लायवूडचं टेबल आणि एक शू-रॅक. भंगारवाला दारात उभा राहूनच म्हणाला, "लोखंड असेल तर सांगा. प्लाय आणि फोम आम्ही उचलत नाही." बरोबरच आहे त्याचं, त्याला पुढे गिऱ्हाईक नाही. दोन संस्थांना फोन केले. एकीने आधी सगळ्या बाजूंचे फोटो मागवले आणि सोफ्याचं कापड फाटलंय म्हणून नाही म्हटलं. दुसरीने विचारलं, "ढेकूण आहेत का? आम्ही फक्त लोखंडी खाटा घेतो." मला राग आला. फुकट देतोय तर एवढे नखरे!

त्याच संध्याकाळी एका जाहिरातीवरून तो भेटला. वृद्धाश्रमाचा माणूस. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला पंगतीत जेवणारे आजी-आजोबा. "काकू, भंगारात घालू नका, आपल्याकडे आजोबांना बसायला सोफा नाही." फाटलेलं चालेल, शू-रॅक चालेल, सगळं चालेल. फक्त टेम्पोचे १,५०० द्यायचे आणि ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मिळेल. एवढं ऐकल्यावर आश्रम कुठे आहे हेसुद्धा मी नीट विचारलं नाही. आता वाटतं, तिथेच कान टवकारायला हवे होते. खऱ्या संस्थेला जागा कमी असते, नको ती वस्तू तिथे पडून राहते, म्हणून ती नाही म्हणते. ज्याला सगळंच चालतं, त्याला ते कुठे तरी फेकायचंच असतं.

रविवारी छोटा हत्ती आला, तीन माणसं. कपाट दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरवलं आणि जिन्यातच टेकवून ठेवलं. वरचे बिऱ्हाडकरू खाली जाईनात, खालचे वर येईनात. तेव्हा तो म्हणाला, "काकू, लिफ्ट नाही हे बोलला नव्हता. नगाला मजल्यामागे १५० हमाली." पाच नग, तीन मजले, २,२५०. शिवाय पावतीचे ५००. एकूण ४,२५०. जिन्यात अडकलेलं कपाट समोर असताना कोण घासाघीस करतं? मी यूपीआयने पैसे पाठवले. स्क्रीनवर ट्रस्टचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. विचारलं, तर "आमचे खजिनदार आहेत ते." आणि मी मान डोलावली. एरवी भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी वाद घालणारी मी.

पावतीचा फोटो आला. गोल शिक्का, खाली कोंबडीच्या पायासारखी सही. भाचा सीए आहे, त्याला मोठ्या कौतुकाने पाठवली. तो हसायलाच लागला. "मावशी, वस्तू दिल्यावर ८०जी मिळतच नाही, पैसेच द्यावे लागतात. रोख दिले तर २,००० च्या वर तेही नाही. यावर संस्थेचा पॅन नाही, नोंदणी क्रमांक नाही. खरी संस्था देणगीदाराला आर्थिक वर्ष संपल्यावर १०बीई फॉर्म, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, देते. आणि तू नव्या करप्रणालीत आहेस, तुला काय करायचंय ८०जी?" ५०० रुपये त्या शिक्क्याचे.

निरीक्षक तसे भले होते. "दंड लावत नाही, पण माल तुम्हीच उचला. पाऊस सुरू झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा रस्ताच पाण्याखाली जातो, मग तुमचा सोफा पुढच्या पुलाला अडकेल." नदीपात्रात उतरले तर सोफ्याचं कापड पूर्ण फाडलेलं, आतला फोम उसवलेला. चोरखणात पैसे आहेत का म्हणून चाचपलं असावं. शेवटी कागद-काच वेचणाऱ्यांच्या 'स्वच्छ' संस्थेकडे चौकशी करून, पुन्हा टेम्पोचं भाडं भरून तो रीतसर मार्गी लावला. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनलाही फोन केला, पण पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. तिथे लगेच फोन केला तर पैसे अडवता येतात, नऊ दिवसांनी खात्यात काय उरणार? चौकीत तक्रार अर्ज दिला, त्याची पोच कपाटात ठेवायची म्हटलं तर कपाट नाही.

दिवाणाचा आणि कपाटाचा मात्र नदीत पत्ता नव्हता. भाचा म्हणाला, "अगं, त्यांना सागवानच हवं होतं. बाकीचं ओझं तू पैसे देऊन त्यांच्याकडून टाकून घेतलंस." म्हणजे ज्याला गिऱ्हाईक होतं ते फुकट दिलं, वर हमाली मी भरली. टिंबर मार्केटमध्ये एक फेरी मारून भाव विचारला असता तरी डोळे उघडले असते.

पुढच्या रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजाराला गेले. तिसऱ्या रांगेत, पितळी समया आणि ट्रकच्या हेडलाइटच्या मधोमध, उभं होतं. पॉलिश मारलं होतं बाहेरून. विक्रेता लगबगीने पुढे आला, दार उघडून आतली बाजू दाखवली. तिथे पेन्सिलीने तारखांची रांग होती, सासूबाई प्रत्येक सिलिंडर लावला की लिहायच्या.

"बघा ताई, १९८७ची तारीख आहे. ओरिजिनल जुना माल. चौदा हजार, तुम्हाला म्हणून बारा."